अठरा बोल्ट आणि टाळी

“आजोबांचे कान झोपलेत,” असं टिटवीनं मला एका मंगळवारी सकाळी सांगितलं होतं. टिटवी म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं साडेतीन, आवाज साडेतीनशे माणसांचा. मी तिची वेणी घालत होते. “झोपू देत, तू हलू नकोस,” म्हणाले आणि विषय संपवला.

एरवी मी विषय संपवणाऱ्यांतली नाही. टिटवी एकदा शिंकली की मी थर्मामीटर काढते, दोनदा शिंकली की डॉक्टरांचा नंबर. घरातल्या प्रत्येक प्लगच्या भोकांवर मी चिकटपट्टी लावली आहे, त्यामुळे इस्त्री करायची तर आधी दहा मिनिटं नखांनी उकरत बसावं लागतं. शर्टाचं बटण तुटलं तर ते सापडेपर्यंत कुणाला जेवू देत नाही, कारण ते कुणाच्याही पोटात असू शकतं. अशी मी. पण स्वतःच्या पायांनी चालत आलेला इशारा मात्र वेणीत बांधून टाकला.

आमच्या घरामागच्या आवारात एक ट्रक उभा असतो. तो माझा नवरा चालवतो आणि त्याची काळजी बाबा, म्हणजे माझे सासरे, घेतात. बाबांनी चाळीस वर्षं एका मालवाहतूक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडली आणि मिटली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वाट्याला एवढं एकच इंजिन उरलं. त्यामुळे ज्या मायेनं लोक नातवंडांचे कान साफ करतात, त्या मायेनं ते त्याचे नोझल साफ करतात.

तीन आठवड्यांपूर्वी त्या इंजिनाची हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण यांच्यामधली पातळ गादी, गेली. बाबांनी हेड उतरवलं, नवी गॅस्केट घातली, पुन्हा बसवलं. पण नव्या गॅस्केटचं नव्या गादीसारखं असतं. चार दिवस वापरली की ती दबते आणि तिला धरून ठेवणारे बोल्ट किंचित सैल पडतात. म्हणून हजारेक किलोमीटर झाले की इंजिन पूर्ण गार असताना ते सगळे बोल्ट पुन्हा एकदा मापात आवळायचे असतात. आमच्या इंजिनाला असे अठरा आहेत. हे काम मापाच्या पान्यानं करतात. त्याच्या दांड्यावर आकडा लावून ठेवायचा आणि बोल्ट आवळत जायचं. ताण त्या आकड्याला पोचला की पाना आतून ‘टक्’ करतो. टक् झालं की थांबायचं. आधी थांबलं तर पाणी तेलात जातं, पुढे ओढलं तर बोल्टाची मान मोडते. मला ही माहिती इतकी पाठ आहे कारण ती कळल्यापासून मला झोप लागलेली नाही.

नवऱ्यानं या खेपेला एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती, अर्थात मला, बाबांना नाही. बाबांचं हल्ली लक्ष नसतं असं त्याचं मत झालं होतं. परवा तो केबिनमधून तीनदा “लावू का सेल्फ?” म्हणून ओरडला, तरी बाबा आपले डिझेलच्या नळीकडे बघत उभे. वर विचारलं तर म्हणाले, विचार करत होतो. तेव्हा या अठरा बोल्टांत जरा जरी उणंअधिक निघालं, तर यापुढे ट्रक हायवेच्या गॅरेजला जाईल आणि बाबांनी आता आराम करायचा. ‘आराम’ हा शब्द त्यानं अशा सुरात म्हटला की मला बाबांची हत्यारांची पेटी माळ्यावर चढताना दिसली. आणि पेटीमागोमाग बाबाही.

रविवार उजाडला. सोमवारी सकाळी ट्रक फर्निचर भरून निघायचा होता. इंजिन रात्रभर गार झालेलं, ऊन बेताचं, सगळं जमून आलेलं. जमलं नव्हतं ते एकच, सासूबाई घरी नव्हत्या. त्यांच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून त्या दोन दिवस तिकडे गेल्या होत्या.

आणि बाबा काम सुरू करीनात. आधी म्हणाले, आभाळ आहे. आभाळ नव्हतं. मग पान्याचं सॉकेट सापडेना, ते त्यांच्याच खिशात निघालं. मग त्यांना आठवलं की कंबर धरली आहे. नवरा दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होता.

“ही येऊ दे ना संध्याकाळी,” शेवटी बाबा म्हणाले. “मग करतो.”

“आई काय बोल्ट आवळणार आहे का?”

“ती जवळ असली की बरं असतं.”

मला गहिवरून आलं. बाबा इंजिनाखाली असले की सासूबाई पालथ्या क्रेटवर मटार सोलत बसलेल्या असायच्या, हे मी गेली दोनेक वर्षं बघत आले होते. मधूनमधून “हं” म्हणायच्या, एवढंच. मी मैत्रिणींना सांगायचे, बघा, चाळीस वर्षांचा संसार, तरी एकमेकांवाचून करमत नाही. माझ्या नवऱ्याला मी शेजारी बसले की घाम फुटतो.

नवऱ्याला मात्र गहिवर आला नाही. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत थांबायचं तर मी गॅरेजवाल्यालाच बोलावतो. तेव्हा बाबा उठले. केबिन पुढे झुकवली. तिची कडी नीट बसली आहे का ते मी चार वेळा बघितलं. इंजिनावरचं टॅपेट कव्हर काढलं, पान्याचा आकडा लावला. मग त्यांनी टिटवीला हाक मारली, तिला आजीच्या क्रेटवर बसवलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. टिटवीनं मान डोलावली. एवढी गंभीर मी तिला औषध घेतानाही पाहिली नव्हती.

काम सुरू झालं. मधल्या बोल्टपासून सुरुवात करायची आणि गोल गोल बाहेर जायचं. प्रत्येक बोल्ट आधी थोडा सैल करायचा, मग आवळायचा. पाना म्हणाला टक्, टिटवीनं टाळी वाजवली, बाबांनी बोल्टाच्या डोक्यावर खडूनं फुली मारली आणि पुढच्याला हात घातला. टक्, टाळी, फुली. आजोबा-नातीचा खेळ बघून मी निश्चिंत झाले. मुलगी इंजिनापासून चार हात लांब आहे, तोंडात काही घालत नाही, एका जागी बसली आहे. एवढ्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्याची नोंद आमच्या घरात नाही. मी स्वयंपाकघरात गेले.

स्वयंपाकघराची खिडकी आवारात उघडते. मी गॅस पेटवला. लायटर एकदा चालत नाही, दोनदा टकटक करावं लागतं. बाहेर दोन टाळ्या वाजल्या. मला वाटलं, व्वा, बाबांचा हात भराभर चाललाय. मी डब्याची क्लिप लावली, टाळी वाजली. ओट्याखालचं कपाट बंद केलं, टाळी वाजली. तिकडे नवरा पायरीवर मालाची कागदपत्रं बघत बसला होता. त्याला हातातलं पेन सारखं टकटक करायची सवय आहे. या सवयीवरून आमची भांडणं झाली आहेत, पण तिनं कुणाचं इंजिन धोक्यात येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तेरा बोल्टांवर फुल्या झाल्या तेव्हा पहिल्यांदा नवऱ्याच्या काहीतरी लक्षात आलं. त्यानं पेन दाबलं. टाळी. पुन्हा दाबलं. पुन्हा टाळी. बाबा तेव्हा खडू शोधत होते, पाना खाली ठेवलेला होता.

“टिटवे, टाळ्या कशाला वाजवतेस गं?”

“आजोबांनी सांगितलंय. टक् झालं की टाळी.”

“का?”

“म्हणजे आजोबांना कळतं,” टिटवी म्हणाली. “त्यांचे कान झोपलेत ना. मी आईला सांगितलं होतं.”

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीत लायटर हातात घेऊन उभी होते. अशा वेळी लायटर कुठे लपवावा हे सुचत नाही.

नवरा बाबांच्या पाठीमागे गेला आणि साध्या आवाजात म्हणाला, “बाबा, चहा टाकायला सांगू?” बाबांनी खडू शोधणं चालू ठेवलं. आता बाबा एक वेळ देवाला नाही म्हणतील, पण आजवर चहाला कधी नाही म्हणालेले नाहीत. नवऱ्यानं दुसऱ्यांदा विचारलं, जरा मोठ्यानं. मग समोर जाऊन तिसऱ्यांदा विचारलं.

“घेईन की अर्धा कप,” बाबा म्हणाले.

“बाबा, तुम्हाला पान्याचं टक् ऐकू येत नाही?”

बाबांनी फडक्याला हात पुसले. मग क्रेटवर बसलेल्या टिटवीकडे बोट केलं. “ऐकायचं काय त्यात? टाळी वाजते ना.”

मग नवऱ्याचं डोकं फिरलं. लायटरच्या दोन, डब्याची एक, कपाटाची एक आणि पेनाच्या किती ते देवालाच माहीत. म्हणजे निम्मे बोल्ट स्वयंपाकघरातून आवळले गेले होते. कोणते खरे आणि कोणते खोटे, काही कळायला मार्ग नाही, फुली सगळ्यांवर सारखीच. मला तर पुढचंही दिसायला लागलं. घाटाचा चढ, भरलेला ट्रक, केबिनखालून वाफ आणि माझा नवरा रस्त्याच्या कडेला उभा राहून फोनला रेंज शोधतोय. आणि हे सगळं माझ्या फोडणीपायी.

“उठा, मी करतो,” म्हणत त्यानं पाना घेतला आणि चौदावा, पंधरावा बोल्ट स्वतः आवळला. टक् झालं, पण त्यानं खात्रीसाठी आणखी एक हिसका दिला. दोन्ही बोल्टांना. खात्री करायचा त्याचा हा स्वभावच आहे. कुलूप लावलं की तो ते असं ओढून बघतो की एकदा कडी हातात आली होती.

“टक् झालं की हात सोडायचा,” बाबा हळूच म्हणाले.

“तुम्हाला टक् कुठं कळलं?”

“तुझा खांदा दिसला.”

“राहू द्या बाबा. आता तुम्ही नका मला सांगू.”

बाबांनी खरंच सांगितलं नाही. ते जमिनीवर बसले, पेटी जवळ ओढली आणि एकेक पाना फडक्यानं पुसून आत ठेवायला लागले. मोठ्यापासून लहानापर्यंत, प्रत्येक आपल्या खाचेत. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, ठेव तिथे. तो चहा गार झाला. आमच्या घरात चहा गार झालेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

नवऱ्यानं हायवेच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. मी सासूबाईंना लावला. त्यांना म्हटलं, आई, बाबांना ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत होतं का?

“हं,” त्या म्हणाल्या.

मग सांगितलं का नाही कुणाला, म्हटलं. बोल्ट चुकीचे आवळले गेलेत, हे चिडलेत, बाबा पेटी आवरून बसलेत, तुम्ही जमेल तेवढ्या लवकर या.

“हं, हं. दुधावरची साय वेगळी काढून ठेव.”

मला वाटलं, खोलीत पाहुणे असतील, मोकळेपणी बोलता येत नसेल.

गॅरेजवाला तीनच्या सुमारास आला. पन्नाशीचा भरदार माणूस, आणि निघाला बाबांचाच जुना चेला. आल्या आल्या त्यानं बाबांना वाकून नमस्कार केला, म्हणाला, “मास्तर, तुमच्या कामावर मी काय बघणार?” नवरा म्हणाला, बघा तुम्ही. चेल्यानं आपल्या गाडीतून दुसरा पाना काढला. याच्यावर घड्याळासारखी तबकडी होती. बोल्टला लावून अगदी सावकाश ओढायचं, बोल्ट जरासा हलू लागला की काटा कुठं आहे ते वाचायचं. यात ऐकण्याचा संबंधच नाही.

त्यानं पहिला बघितला आणि म्हणाला, “बरोबर.” दुसरा, बरोबर. तिसरा, बरोबर. प्रत्येक बोल्टागणिक नवऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या. माणसाला चूक सापडली नाही की किती त्रास होतो, ते मी तेव्हा बघितलं. मी मनातल्या मनात लायटरचे दोन कुठले असतील याचा हिशेब लावत होते. आठवा, बरोबर. नववा, बरोबर. बाबा पेटीपाशी पाठ करून बसले होते, त्यांना यातलं काहीच कळत नव्हतं.

तेराव्यापर्यंत काटा एका जागी येऊन थांबला. चौदाव्याला तो पुढे पळाला. पंधराव्याला आणखी पुढे.

“हे दोन कुणी केले?” चेल्यानं विचारलं. “आणखी अर्धा हिसका बसता तर डोकं हातात आलं असतं.”

टिटवीनं बापाकडे बोट दाखवलं. तिच्यापासून काही लपून राहत नाही.

चेला बाबांच्या समोर जाऊन उकिडवा बसला आणि वर्कशॉपमध्ये बोलतात त्या आवाजात म्हणाला, “मास्तर, पोरगी खोट्या टाळ्या वाजवत होती म्हणे. मग तुम्ही थांबला कसे नाहीत?”

बाबांनी विचार केला. स्वतःच्या उजव्या हाताकडे जरा वेळ असं बघितलं, जसं काही तो दुसऱ्याच कुणाकडून उसना आणला होता.

“टाळी झाली की थांबायचं असंच ठरवलं होतं,” ते म्हणाले. “पण हात थांबेना. तळव्याला आतून दणका लागतो, तो लागेपर्यंत हात ओढतच राहतो. मला वाटलं, पोरगी जरा लवकर वाजवतेय. लहान आहे, शिकेल.”

चेला हसायला लागला. “मग टाळी कशाला पाहिजे होती?”

“भरवसा नको का? दोन वर्षं झाली, टक् ऐकू येत नाही. नुसत्या हातावर कसा विश्वास ठेवणार? एरवी ही बसलेली असते. ती मान हलवून ‘हं’ म्हणते, मग मी थांबतो.”

मला तेव्हा त्या मटारांचा अर्थ लागला. एवढ्यात फाटक वाजलं आणि सासूबाई पिशवी घेऊन आत आल्या. ट्रकभोवती एवढी माणसं बघून त्यांनी काही विचारलं नाही. पिशवी टेकवली, टिटवीला मांडीवर घेतलं आणि सवयीनं क्रेटवर बसल्या. चेल्यानं त्याच दणदणीत आवाजात त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाला, “काकू, आज तुमची जागा नातीनं घेतली होती. टक् ऐकून मास्तरांना सांगायची.”

“मी कुठलं टक् ऐकतेय?” सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. “यांचा कोपर थांबला की मी ‘हं’ म्हणते. यांना तेवढंच बरं वाटतं.”

बाबा उठून त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

“म्हणजे दोन वर्षं मी थांबल्यावर तू म्हणायचीस, आणि तू म्हणालीस म्हणून मी थांबलो असं मला वाटायचं? तुलाही ऐकू येत नाही की काय?”

सासूबाई टिटवीच्या सुटलेल्या रिबिनीशी खेळत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, “हं.”

हे उत्तर होतं की नुसतीच सवय, ते आम्हाला अजून समजलेलं नाही.

नवऱ्यानं जमिनीवरचा पाना उचलला, फडक्यानं पुसला आणि बाबांच्या हातात दिला. तोंडानं काही म्हणाला नाही. म्हणाला असता तरी बाबांना ऐकू गेलं नसतं, आणि बहुधा त्यालाही ते सोयीचंच होतं. बाबांनी ते दोन बोल्ट सैल करून पुन्हा लावले, उरलेले तीन आवळले, टॅपेटची मापं बघितली. टाळी कुणी वाजवली नाही, हं कुणी म्हटलं नाही. चेल्यानं तबकडी लावून बघितली, अठराच्या अठरा एका जागी. मग बाबांनी गार चहा मागून घेतला आणि गारच प्यायला. सोमवारी ट्रक वेळेवर निघाला, घाट चढला, आणि परत आल्यावर नवऱ्यानं बाबांना समोर उभं राहून, तोंड नीट उघडून विचारलं की पुढच्या महिन्यात क्लचचंही तुम्हीच बघाल का. पेटी जागची हलली नाही.

कानांच्या डॉक्टरांकडे आता दोघांची वेळ घेतली आहे. पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणानं. गेली चार वर्षं मी रोज दुपारी सासूबाईंजवळ बसून माझ्या सगळ्या काळज्या सांगत आले आहे. टिटवीचं वजन, टिटवीचे दात, यांचा रात्रीचा प्रवास, माझी राहून गेलेली नोकरी, आणि एकदा तर रडत रडत त्यांच्या मुलाबद्दलची अकरा गाऱ्हाणी. त्या ओट्याशी, माझ्याकडे पाठ करून काम करत असायच्या, मध्ये न बोलता सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी “हं” म्हणायच्या. एवढ्या समंजस सासूबद्दल मैत्रिणी माझा हेवा करायच्या.

तुमच्याही घरात असं एक माणूस असेल, सगळ्यांचं निमूट ऐकून घेणारं, कधी उलटून न बोलणारं. आजच त्यांच्याकडे जा. फोन करू नका, समोर जाऊन बसा आणि त्यांना काहीतरी विचारा. फक्त प्रश्न असा निवडा, ज्याचं उत्तर ‘हं’ होऊ शकत नाही.